पाडण्यापूर्वीं पडणें

ज्युदोच्या वर्गांत नुकताच जाऊं लागलेला मुलगा घरीं परतला म्हणजे वडील माणसें त्यास जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा ठरलेला असतो : “काय रे, आज कोणाला पाडलेंस?” आमच्या घरींहि याहून निराळें झालें नाहीं. आमचा अकरा वर्षांचा पुतण्या गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं जाड पांढरा अंगरखा, तसाच पायजमा व पांढरा पट्टा घेऊन मोठ्या उत्साहानें वर्गास गेला आणि दोन तासांनीं घामाघूम होऊन परत आला. झोपाळ्यावर बसलेल्या आमच्या तीर्थरूपांनीं वरील प्रश्न केला. पोर थोडा ओशाळला व म्हणाला, “कोणालाच नाहीं, आजोबा. आज आम्ही नुसते पडलों. चाळीस वेळां.” तीर्थरूप कांहीं बोलले नाहींत, परंतु पडण्यासाठीं पैसे भरून इतक्या दूर जाण्याचें कारण काय, तें तर घरच्या जिन्यावरहि फुकट साधतें, असा अभिप्राय त्यांच्या मुद्रेवर स्वच्छ उमटला होता, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत त्या वेळीं दुसरें कांहीं नव्हतें.

पुढें दोन आठवडे तोच प्रश्न रोज झाला. आजोबांनीं विचारला, आम्हीं विचारला, नाशिकच्या आत्यानें फोनवरून विचारला. तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं, शिक्षक अद्याप गादीवर आलेले नसतां, आमच्या चिरंजिवांनीं आपल्याहून थोराड अशा एका मुलास “मला एकदां पाडून पाहूं दे” म्हणून गळ घातली. पाडावयास गेला तो स्वतःच पडला, आणि पडतांना उपजत बुद्धीनें सर्व माणसें जें करतात तेंच त्यानें केलें, म्हणजे हात पुढें टेकला. हांसळीचें हाड मोडलें. दीड महिना हात झोळींत होता. शिक्षकांनीं ‘मी येईपर्यंत कोणीं कोणास हात लावावयाचा नाहीं’ असें बजावून ठेवलें होतें. तेव्हां दोष त्यांचा नव्हता, आणि त्या दुसऱ्या मुलाचा तर नव्हताच. रोज सायंकाळीं दारांत उभे राहून आम्ही जी घाई त्या पोराच्या मनांत भरीत होतों, तिचें तें फळ होतें.

या गोष्टीनें आम्हांस विचार करावयास लावलें, आणि त्या सहा आठवड्यांत मुलगा घरीं बसला असतां आम्हीं मात्र वर्गास जाऊन कडेला बसून पुष्कळ पाहिलें, शिक्षकांस पुष्कळ विचारलें व मिळालें तें वाचलें. त्यांतून जें हातीं लागलें तें, ज्यांच्या घरचीं मुलें, मुली किंवा मोठीं माणसें या विद्येच्या उंबरठ्यावर उभीं आहेत, त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

‘कोणाला पाडलेंस’ हा प्रश्न आपल्या तोंडीं इतक्या सहज कां येतो? आम्हांस वाटतें, त्याचें मूळ आपल्या कुस्तींत आहे. पाठ जमिनीस लागली कीं कुस्ती संपली. ‘पाठ लागणें’ हे शब्दच आपल्या भाषेंत पराभवाचे झाले आहेत. आम्हीं लहानपणीं चार वर्षें पेठेंतील तालमींत माती अंगास लावून घेतली, तेथें वस्तादांचा सगळा उपदेश एवढाच होता, कीं पोटावर पड, कुशीवर पड, डोक्याचा पूल कर, पण पाठ देऊं नकोस. शिवाय ती माती! तेल, ताक, हळद व लिंबू घालून मुरविलेली आणि रोज पहांटे फावड्यानें उकरून लोण्यासारखी मऊ केलेली ती तांबडी माती पडणाऱ्यास आईसारखी पदरांत घेई. पडावें कसें हें आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं, कारण तें काम माती करीत असे. ज्युदोची गादी तशी नव्हे. ती दाबलेल्या फेसाची, दीड-दोन इंच जाडीची, आणि तिच्याखालीं बहुधा फरशी असते. शिवाय कुस्तींत पट काढून किंवा ढाक लावून पाडतात त्याहून ज्युदोंतील फेक उंचावरून येते, आणि प्रतिपक्षी अंगरख्याची बाही व गळपट्टी धरून ती फेकतो. सामन्यांत वेगानें व जोरानें पाठीवर टाकला गेलेला खेळाडू तेथेंच हरतो, ही गोष्ट कुस्तीसारखीच. परंतु वर्ग म्हणजे सामना नव्हे. वर्गांत एका सायंकाळीं माणूस पन्नास-पाऊणशें वेळां पाठीवर पडतो, आणि त्यांतील एकहि पडणें हार म्हणून मोजावयाचें नसतें. कुस्तीच्या चष्म्यांतून पाहणाऱ्या आम्हां मंडळीस हा भेद ध्यानांत येत नाहीं.

ज्यानें ही विद्या रचली त्याचीच कथा या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. कानो जिगोरो यांचा जन्म १८६० सालचा, कोबे शहराजवळील मिकागे गांवचा. अंगानें किरकोळ, बुद्धीनें तल्लख. शाळेंत दांडगीं मुलें त्यांस छळीत. म्हणून जुनी जुजुत्सु विद्या शिकण्याची त्यांस तळमळ लागली आणि १८७७ सालीं, तोक्यो विद्यापीठांत शिकत असतां, फुकुदा हाचिनोसुके नामक वृद्ध गुरूंकडे त्यांनीं ती आरंभिली. एकदां गुरूंनीं एक डाव घालून त्यांस फेकलें. कानोंनीं विचारलें, हात कोठें, पाय कोठें, हें कसें करावयाचें? गुरु म्हणाले, ये पुन्हां. आणि पुन्हां फेकलें. पुन्हां प्रश्न, पुन्हां फेक. अशा रीतीनें बुद्धिमान शिष्यास उत्तर पाठीवरून मिळालें. अंगभर खरचटलेलें, त्यावर मलमांच्या पट्ट्या. त्या मलमाच्या नांवावरून सोबती त्यांची थट्टा करीत. पुढें १८८२ सालीं एइशोजी या देवळांतील अवघ्या बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं ‘कोदोकान’ स्थापन केलें. आरंभींच्या वर्षांत शिष्य मोजून नऊ. कानो नुसते मल्ल नव्हते. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते वीसांहून अधिक वर्षें प्रमुख होते, आणि म्हणूनच जुन्या विद्येंतील जिवावरचे डाव बाजूस सारून त्यांनीं तिला शिक्षणाचें रूप दिलें. ‘ज्यु’ म्हणजे मृदु, नमतें. ‘दो’ म्हणजे मार्ग. त्या मार्गाची पहिली पायरी त्यांनीं ‘उकेमी’ म्हणजे पडण्याची कला हीच ठेवली.

आतां या उकेमीविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण नवशिक्याचें सगळें भवितव्य तिच्यांत आहे. मागें पडणें, उजव्या-डाव्या कुशीवर पडणें, पुढें पडणें आणि खांद्यावरून कोलांटी घेत पडणें असे तिचे चार प्रकार. मागें पडतांना हनुवटी छातीस भिडली पाहिजे. शिक्षक मुलांस सांगतात, ‘पडतांना आपल्या पट्ट्याची गांठ पाहा’. गांठ दिसत असेल तर डोकें गादीस लागूंच शकत नाहीं. आढ्याकडे पाहाल तर डोकें आपटेल. दुसरी गोष्ट हातांची. हात टेकून अंग सांवरण्याची जी उपजत ओढ, ती मोडावयाची. त्याऐवजीं संपूर्ण बाहू, तळव्यापासून खांद्यापर्यंत, अंगापासून थोडा दूर, काखेंत सुमारें तीस-चाळीस अंशांचा कोन राहील असा, पाठ गादीस टेकते त्याच क्षणीं गादीवर थापटावयाचा. म्हणजे पडण्याचा धक्का मनगट किंवा कोपर या एका बिंदूवर न येतां सबंध पाठ व बाहू यांवर पसरतो. हात फार वर, खांद्याच्या रेषेंत गेला तर खांदा दुखावतो. अंगास चिकटून राहिला तर स्वतःच्याच बरगड्यांखालीं येतो. तिसरी गोष्ट श्वास. पडतांना श्वास सोडावा. कोंडून धरल्यास छातींत कळ भरते. कुशीवर पडतांना दोन्ही गुडघे व घोटे एकमेकांवर आपटूं न देणें ही चौथी, आणि ती विसरणाऱ्यांचे घोटे पहिल्या महिन्यांत काळेनिळे असतात.

हें सर्व प्रथम निजून, मग बसून, मग उकिडवें बसून आणि शेवटीं उभ्यानें शिकवितात. चांगला शिक्षक यास घाई करीत नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस जाणाऱ्या मुलाचे पहिले दोन महिने यांतच गेले तर फसवणूक झाली असें समजूं नये. घरीं सराव करावयाचा झाल्यास निजलेल्या किंवा उकिडव्या स्थितींतला, सतरंजीवर जाड गादी घालून करावा. उभ्यानें, कापसाच्या गादीवर, दिवाणखान्यांत, लाकडी पलंगाच्या कोपऱ्याजवळ कदापि करूं नये. आमच्या घरीं मुलांनीं तोहि पराक्रम करून पाहिला. सुदैवानें फुटली ती फुलदाणीच.

पडणाऱ्यापेक्षां पाडणाऱ्यावर जबाबदारी अधिक असते, हें मात्र पुष्कळ वर्गांत पुरेसें सांगितलें जात नाहीं. ज्याला आपण फेकलें त्याची बाही तो गादीस टेकेपर्यंत सोडावयाची नाहीं. उलट शेवटच्या क्षणीं ती किंचित् वर ओढून धरावयाची, म्हणजे त्याचें डोकें आपोआप वर राहतें. आपणहि त्याच्या अंगावर कोसळावयाचें नाहीं. आपला मुलगा हें करतो कीं नाहीं, हें वर्गाच्या कडेला बसून पाहणाऱ्या आई-बापांस सहज दिसतें, आणि तो करीत असल्यास घरीं आल्यावर त्याबद्दल त्याची पाठ थोपटावी.

येथें एक कटु प्रकरण सांगणें भाग आहे. खुद्द जपानांत, जेथें ही विद्या जन्मली, तेथें १९८३ पासूनच्या सुमारें तीस वर्षांत शाळांतील ज्युदोमुळें शंभरांहून अधिक मुलें प्राणास मुकलीं. नागोया विद्यापीठांतील उचिदा र्‍यो या संशोधकांनीं ही माहिती एकत्र करून मांडली, तेव्हां तो देश हादरला. कारण २०१२ सालापासून तेथील माध्यमिक शाळांत युद्धविद्येचें शिक्षण सक्तीचें व्हावयाचें होतें आणि पुष्कळ शाळांनीं त्यासाठीं ज्युदोच निवडला होता. मृतांत नव्यानेंच शाळेंत आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा भरणा मोठा होता, आणि बहुतेकांस डोक्याची इजा झालेली होती. बाहेरून पाय लावून सरळ मागें लोळविणारा ‘ओ-सोतो-गारी’ नांवाचा डाव यांत वारंवार आढळला. आपल्याकडील टांग मारण्याशीं त्याचें नातें आहे. दिसावयास सोपा, म्हणून लवकर शिकवितात. पण पडणाऱ्यास मागचें कांहीं दिसत नसतें, आणि त्याची मान अद्याप हनुवटी आंत धरण्यास शिकलेली नसते. डोकें गादीवर फार जोरानें आपटावें लागतें असेंहि नाहीं. डोकें झटक्यानें हिंदकळलें तरी मेंदूवरील बारीक शिरा तुटून आंतल्या आंत रक्त सांचूं शकतें. हें सर्व उजेडांत आल्यावर तेथील संघानें शिक्षकांस नवे नियम घालून दिले, आणि अशा मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ घटलें. फ्रान्समध्यें ज्युदो खेळणाऱ्यांची संख्या लाखांनीं मोजावी लागते; तेथें पैसे घेऊन शिकविणाऱ्यास सरकारी पदविका असावीच लागते, आणि अशा मृत्यूंची मालिका तेथें घडली नाहीं. म्हणजे दोष विद्येचा नव्हे, घाईचा व अज्ञानाचा होता.

वाचकांनीं भिऊन मुलांस वर्गांतून काढावें म्हणून आम्हीं हें लिहिलें नाहीं. आम्हींहि काढलें नाहीं. पण यांतून एक नियम मात्र घरांत पक्का करावा. डोक्यास मार लागला, मग तो कितीहि हलका वाटो, कीं त्या दिवशींचा सराव तेथेंच संपला. डोकें दुखणें, मळमळ किंवा ओकारी, झापड, बोलण्यांत घोटाळा, डोळ्यांपुढें दोन दोन दिसणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास रात्र जाऊं न देतां रुग्णालयांत न्यावें, आणि डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावांचून पुन्हां गादीवर पाऊल ठेवूं देऊं नये. जपानांतील कांहीं मुलांचें डोकें आधीं कांहीं दिवस दुखत होतें आणि तरीहि तीं सरावास गेलीं होतीं. मुलें अशी गोष्ट लपवितात, कारण ‘आतां वर्ग बंद’ हें आपलें वाक्य त्यांस ठाऊक असतें. तें वाक्य आपण तोंडांतून काढलें नाहीं तर तीं लपविणार नाहींत.

मुलांच्या मागें लागलेली घाई वडिलांचीच असते, याविषयीं जपानी लोकांनींच एक निर्णय घेतला तो आमच्या मनांत घर करून राहिला आहे. २०२२ सालीं अखिल जपान ज्युदो संघानें प्राथमिक शाळेंतील मुलांची अखिल जपान स्पर्धाच बंद केली. त्या वेळीं संघाचे अध्यक्ष होते यामाशिता यासुहिरो, म्हणजे १९८४ सालचे ऑलिंपिक सुवर्णपदकविजेते, ज्यांस जिंकण्याची किंमत कोणीं शिकवावयास नको. स्पर्धेचें वेड मुलांस नव्हतें, तें पालकांस व शिक्षकांस होतें. वाढत्या वयाच्या पोरांस वजन घटविण्यासाठीं उपाशी ठेवणें, पंचांवर ओरडणें, हरलेल्या मुलास सर्वांसमक्ष टाकून बोलणें, इथपर्यंत मजल गेली होती. हें वाचलें त्या दिवशीं आम्ही आमच्या झोपाळ्याकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलों.

पडण्याच्या जोडीची दुसरी विद्या म्हणजे हार मानणें. गादीवर खालीं पडून जी झोंबाझोंबी चालते तिच्यांत दाबून धरणें, गळा आवळणें व कोपर उलटें वांकविणें हे तीन प्रकार असतात. अलीकडे ‘ग्रॅपलिंग’ किंवा ‘ब्राझिलियन जिउ-जित्सु’ या नांवानें पुण्या-मुंबईस जे वर्ग निघाले आहेत, त्यांत तर सगळा भर यावरच आहे. तीहि ज्युदोचीच शाखा : कोदोकानचे माएदा मित्सुयो १९०४ सालीं देशाबाहेर पडले, ठिकठिकाणीं कुस्त्या करीत १९१४ सालीं ब्राझीलला पोंचले, आणि त्यांच्यापासून ग्रेसी घराण्यानें ती विद्या उचलून वाढविली. या झोंबींत कोंडी झाली कीं हातानें दोन-तीन वेळां प्रतिपक्ष्यास किंवा गादीस थोपटावयाचें. हात गुंतले असल्यास पायानें, नाहीं तर तोंडानें सांगावयाचें. थोपटल्याबरोबर दुसऱ्यानें सोडलेंच पाहिजे. हा करार इतका पवित्र आहे कीं तो मोडणाऱ्याबरोबर पुन्हां कोणीं खेळूं नये.

आपल्या मुलांस हें फार जड जातें. ‘हार मानूं नकोस’ हें आपण त्यांस बाळपणापासून घोकविलेलें असतें, आणि तें परीक्षेंत ठीक आहे. पण कोपराचा सांधा परीक्षा नव्हे. कोपर सरळ होऊन पलीकडे वांकूं लागलें कीं दुखण्यापासून मोडण्यापर्यंत वेळ डोळ्याचें पातें लवण्याएवढाच असतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर धडधाकट माणूसहि कांहीं सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून दुखेपर्यंत थांबावयाचें नाहीं. सुटका नाहीं असें उमगतांच थोपटावयाचें. जपानांत प्राथमिक शाळेंतील मुलांच्या ज्युदोंत गळा आवळणें व सांधा पिळणें या दोहोंसहि मनाई आहे. आपल्याकडे कोणी शिक्षक दहा वर्षांच्या मुलांस ते डाव शिकवीत असल्यास सरळ वर्ग बदलावा. मोठ्यांच्या ग्रॅपलिंगांत टाच धरून पाय पिळण्याचे जे डाव आहेत त्यांपासून नवशिक्यानें निदान वर्षभर दूर राहावें. त्यांत दुखणें कळण्यापूर्वींच गुडघ्याच्या आंतील दोर तुटतात. आणि एक : पहिले कांहीं महिने आपण सदैव खालींच असणार, छातीवर कोणीतरी बसलेलें असणार. त्या वेळीं बळ लावूं नये, श्वास मात्र चालूं ठेवावा. दोन मिनिटांत दमून भुईसपाट होणारे बहुतेक जण शक्ति कमी म्हणून दमत नाहींत, श्वास कोंडला म्हणून दमतात.

वर्ग निवडतांना पैसे भरण्यापूर्वीं एक संपूर्ण तास कडेला बसून पाहावें. शिक्षक बसूं देत नसतील तर दुसरीकडे जावें. गाद्यांच्या मधोमध फटी आहेत काय, भिंती व खांब गुंडाळलेले आहेत काय, नव्या मुलाची जोडी कोणाशीं लावतात, चाळीस किलोच्या मुलापुढें सत्तर किलोचा उभा करतात काय, रडणाऱ्या मुलाशीं कसें बोलतात, मध्यें पाणी पिऊं देतात काय, या गोष्टी भिंतीवर लटकविलेल्या पदकांहून अधिक बोलक्या असतात. काळ्या पट्ट्याचा दरारा फार मानूं नये. जपानी भाषेंत पहिल्या काळ्या पट्ट्यास ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थ आरंभींची पायरी एवढाच आहे. त्याउलट ‘सहा महिन्यांत काळा पट्टा’ अशी पाटी दिसली तर तेथून चालूं लागावें.

कपड्यांविषयीं थोडक्यांत. अंगरखा जाड सुती असतो व पहिल्या दोन धुण्यांत आटतो, म्हणून किंचित् मोठा घ्यावा. नेसतांना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे, मुलगा असो वा मुलगी. उलट नेसविणें जपानांत प्रेतासाठीं राखलेलें आहे, आणि आमच्या मातोश्रींस हें कळल्यापासून त्या स्वतः तपासून मगच नातवास दाराबाहेर सोडतात. प्रत्येक वेळीं कपडा धुतलाच पाहिजे. घामट अंगरखा पिशवींत रात्रभर राहिला कीं गजकर्ण घरांत शिरलें म्हणून समजावें, आणि एकत्र कुटुंबांत तें कोठवर पोंचतें हें सांगावयास नको. परत आल्याबरोबर स्नान. हातापायांचीं नखें कापलेलीं. गादीखालीं उतरतांना पायांत चपला, नाहीं तर मोरीचा पाय गादीवर आणि गादीवर दुसऱ्याचें तोंड. कान चोळले जाऊन सुजला तर पैलवानाचा मोडका कान म्हणून मिरवूं नये; दोन दिवसांच्या आंत डॉक्टरांकडून रक्त काढवून घ्यावें.

अंगठी, कानांतलें, गळ्यांतली साखळी, बांगड्या, ताईत हें सर्व काढून ठेवावें लागतें. दुसऱ्याचें बोट त्यांत अडकतें. जानव्याविषयीं आमच्या घरीं आठ दिवस वाद झाला. थोरल्या पुतण्याची मुंज झालेली, आणि तोहि वर्गास जाऊं लागला होता. तीर्थरूपांनीं शेवटीं निकाल दिला कीं प्रसंगीं जें कानास गुंडाळतां येतें तें कमरेसहि गुंडाळतां येईल. तसें गुंडाळून वरून पट्टा बांधला म्हणजे कोणास अडचण होत नाहीं. आहाराविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. शाकाहारानें ही विद्या अडत नाहीं. वरणभात, उसळी, दूध, दहीं, शेंगदाणे पोटभर मिळोत, सरावाआधीं दोन तास जड खाऊं नये, आणि वाढत्या मुलाचें वजन गटासाठीं घटवूं नये म्हणजे झालें.

मुलींस पाठवावें कीं नाहीं असें अजूनहि कांहीं घरीं विचारलें जातें, म्हणून दोन गोष्टी सांगतों. रवींद्रनाथांनीं १९२९ सालीं ताकागाकी शिन्झो या ज्युदोपटूंस जपानाहून मुद्दाम शांतिनिकेतनांत बोलाविलें, तेव्हां तेथें मुलांबरोबर मुलीहि शिकल्या. दुसरी गोष्ट फुकुदा केइको यांची. ज्या वृद्ध गुरूंनीं कानोंस प्रश्नाच्या उत्तरादाखल पुन्हां पुन्हां फेकलें, त्यांची ही नात. कानोंनीं स्वतः तिला बोलावणें केलें आणि १९३५ सालीं, वयाच्या विशी-बाविशींत, ती शिकूं लागली. उंची पांच फुटांहूनहि कमी. स्त्रियांस वरची पायरी द्यावयाची नाहीं या रूढीमुळें ती वर्षानुवर्षें पांचव्या पायरीवर अडकून राहिली. १९७२ सालीं सहावी मिळाली, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील संघानें तिला दहावी, सर्वोच्च पायरी दिली. २०१३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें नव्व्याण्णवाव्या वर्षीं ती वारली. नव्वदी उलटल्यावरहि ती शिकवीत होती. आपल्याकडे मणिपूरच्या सुशीला देवींनीं २०१४ व २०२२ अशा दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळविलें. मुलीच्या जोडीस मुलगा लावला तर चालेल काय, हा प्रश्न शिक्षकांशीं मोकळेपणीं बोलावा, आणि मुलीसहि विचारावा. तिला नको असेल तर तेवढें कारण पुरे.

राहतां राहिलीं मोठीं माणसें. पुतण्याचा हात झोळींत असतां त्याच्या आईनें, म्हणजे आमच्या धाकट्या भावजयीनें, ‘हें आहे तरी काय’ तें पाहावें म्हणून मोठ्यांच्या वर्गांत नांव घातलें. वय छत्तीस, शाळा सुटल्यापासून धांवल्याचें स्मरण नाहीं. पहिल्या आठवड्यानंतर तिला मान वळवितां येईना, जिना उतरतांना कठडा धरावा लागे, आणि पुऱ्या लाटण्याचें काम आठ दिवस दुसऱ्यांकडे गेलें. हें होतेंच. तिशी-चाळिशींत आरंभ करणाऱ्यानें आठवड्यांतून दोनच दिवस जावें, मध्यें निदान एक दिवस अंगास विसावा द्यावा, रक्तदाब, पाठीचा मणका किंवा डोळ्यांचा पडदा यांचें दुखणें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें, आणि वीस वर्षांच्या पोरांशीं इर्षेस पेटूं नये. तिनें पहिले तीन महिने कोणाशींहि झोंबी केली नाहीं. शिक्षकांस सांगून नुसत्या पडण्याच्या रांगेंत राहिली.

हाड सांधल्यावर पुतण्या पुन्हां वर्गास जाऊं लागला तेव्हां शिक्षकांनीं त्यास सर्वांत मागच्या रांगेंत, आईच्या शेजारीं उभें केलें, आणि पहिल्यापासून, निजून पडण्यापासून, आरंभ करविला. त्याला वाईट वाटलें असावें. त्या सायंकाळीं दोघें घरीं आलीं. झोपाळा थांबला. तीर्थरूपांनीं चष्मा वर केला, क्षणभर विचार केला आणि विचारलें, “काय रे, हनुवटी आंत होती का?”

“माझी होती,” तो म्हणाला. “आईची दोनदां सुटली.”